फाहा शिवणारी देयानीरा

आमच्या काली शहरात चरबी काढायचं ऑपरेशन ठरलं की बाई आधी डॉक्टर शोधत नाही, आधी फाहा शिवायला टाकते. फाहा म्हणजे ऑपरेशननंतर छातीपासून मांड्यांपर्यंत आवळून चढवायचा कपडा. तो जिचा तिने सोबत न्यायचा, असा इथला रिवाज. आणि फाहा शिवावा तर देयानीरानेच, असं अर्धं गाव म्हणतं. उरलेलं अर्धं म्हणतं, "शिवते झकास, पण बाई डोकं फार खाते!"

खातेच. शेजारच्या मार्लेनीला तिने हौसेने लेस लावून फाहा शिवून दिला होता. मार्लेनी गेली कुठल्याशा फ्लॅटमधल्या दवाखान्यात. पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली आणि खेळ खलास. तेव्हापासून देयानीरा गळ्यात टेप अडकवून आधी विचारते, भूल कोण देणार? काही बिनसलं तर अतिदक्षता विभाग आहे का? रक्त तपासलं? गोळ्या कुठल्या घेतेस? सिगारेट ओढतेस? उत्तर पटलं नाही तर कापडाला कात्री लागत नाही.

"हे शिवणाचं दुकान आहे की पोलीसचौकी?" बायका चिडवतात.

"चौकीच. चल, हात वर कर."

एवढी खमकी बाई, पण पोटच्या पोरीने, युरानीने, तिच्या हातावर तुरी दिल्या. युरानी सालसा नाचते. डिसेंबरच्या जत्रेत पुढच्या रांगेत उभं राहायचं तर पोट सपाट हवं, असं तिच्या डोक्यात बसलेलं. आईकडे माप द्यायची सोय नव्हती, म्हणून तिने बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून गुपचूप फाहा शिवून घेतला. त्या दुकानदारणीलाच शेवटी राहवेना. तिने सकाळी फोन केला. "अगं देयानीरा, तुझ्या पोरीचं आज ऑपरेशन ना? सांगितलंय ना तिने तुला?"

देयानीराने मशीन तसंच सोडलं, पत्ता विचारला आणि टॅक्सी पकडली. पत्ता निघाला एका पार्लरचा. खाली नखं रंगवणं चाललेलं आणि वरच्या खोलीत ऑपरेशनचं टेबल! युरानी गाऊन घालून कोपऱ्यात बसली होती. आईला बघून ती पांढरीफटक पडली.

"भूल देणारे डॉक्टर कुठायत?" देयानीराने विचारलं.

"मीच देतो. चिमूटभर तर काम," पांढऱ्या कोटातला एक माणूस म्हणाला. "संध्याकाळी घरी."

"आणि हिचा श्वास अडकला तर? खालच्या पोरी नेलपॉलिश घेऊन धावणार का?"

"बाई, बाहेर व्हा!"

ती बाहेर झाली नाही. चपलांसकट त्या टेबलावर चढली आणि आडवी झाली. "आता करा कोणाचं करायचं ते. मी उठत नाही."

"पोलीस बोलवू का?"

"बोलवा ना! मलाही त्यांना भेटायचंच आहे."

कोटवाल्याचं तोंड एवढंसं झालं. ऑपरेशनसाठी थांबलेल्या एका बाईने हळूच पर्स उचलली आणि जिना उतरली. युरानी रडत ओरडली, "आई, लाज काढलीस माझी!"

"काढली. अजून काढीन. तू कपडे घाल."

त्या जत्रेत युरानी मागच्या रांगेत नाचली आणि घरात आईशी एक शब्द बोलली नाही. देयानीराला ते फार लागलं, पण ती मागे हटली नाही. जानेवारीत पोरगी आपणहून म्हणाली, "मला अजूनही करायचंय. आता तूच दवाखाना शोध."

आईने शोधला. मोठं हॉस्पिटल, भूल देणारी स्वतंत्र डॉक्टरीण, सगळं रीतसर. सर्जनबाईंनी युरानीला समोर बसवलं. "गोळ्या घेतेस काही? गर्भ राहू नये म्हणून? सिगारेट? खरं सांग हं, यावर तुझा जीव अवलंबून आहे."

युरानीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

साऱ्या गावाच्या बायकांना देयानीराने हेच विचारलं होतं. आपल्या पोरीला कधीच नाही. तिला काय विचारायचं, आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं ती धरून चालली होती.

"आई," युरानी पुटपुटली, "तू जरा बाहेर थांबतेस?"

माझ्यासमोर बोलायला काय झालं, हे अगदी ओठावर आलं होतं. देयानीराने ते गिळलं. ती लगेच उठली, बाहेर गेली आणि दार स्वतःच्या हाताने घट्ट लावून घेतलं.