पत्रिका तपासणाऱ्या आत्या

नाशकात गेल्या पंधरा वर्षांत ज्या ज्या लग्नांत पत्रिकेवरून रुसवेफुगवे झाले, त्यांतल्या निम्म्यांना तरी माझ्या बायकोच्या आत्या जबाबदार आहेत, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. रविवार कारंज्याजवळ माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या त्याही मीच. पण मजकूर मात्र आत्यांचा. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांची स्कूटर दाराशी अशी आडवी लागते की गिऱ्हाइकानं आत यावं कुठून? मग पर्समधून लाल पेन निघतं, चष्मा निघतो आणि मी काल रात्री उशिरापर्यंत बसून जुळवलेल्या मजकुराला त्या म्हणतात, "आणा तो केसपेपर इकडं!" अहो, कसला केसपेपर? शुभकार्याची पत्रिका आहे! पण सांगणार कुणाला? पस्तीस वर्षं सरकारी नर्स होत्या. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून सटाण्यापर्यंत घरोघर फिरून त्यांनी बाळंतपणं केली, त्यामुळे कागदावर काय आणि चुलीपाशी काय, हे त्यांना वास घेऊन कळतं. पत्रिकेत आई-वडील, काका-मामा, झाडून सगळे ओळीत उभे दिसले की त्यांना हमखास संशय येतो. गिऱ्हाइकाची नाडी धरल्यासारखा त्याचा हात धरून विचारतात, "ह्या पोराला वाढवलं कुणी? खरं सांग. तिचं नाव कुठंय?"

हा प्रश्न विचारायचं काही कारण आहे का? नाही! एकदा सटाण्याकडचे एक म्हातारे नातवाची पत्रिका घेऊन आले. आत्यांनी दोनच प्रश्नांत काढून घेतलं की मुलाच्या बापाच्या दोन बायका. धाकटीनं जन्म दिला, थोरलीनं वाढवला, आणि पत्रिकेत थोरलीचा पत्ताच नाही. झालं! लाल पेन चाललं. म्हातारे माझ्याकडे बघून ओरडले, "हाई बाई कोन शे?" काय सांगू? माझ्या नशिबाचा भोग आहे म्हणून सांगू? तासभर वाद घालून म्हातारे दोन्ही सुनांची नावं छापून घेऊन गेले, वर आत्यांना लग्नाचं निमंत्रण देऊन गेले. मला नाही दिलं. कॉलेज रोडच्या एका इंजिनियर मुलीच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला, दोघांनीही पुन्हा संसार मांडलेले. ती बिचारी लाजून म्हणत होती, कुणाचंच नाव नको, नुसतं 'परिवार' टाका. आत्या तिच्यावर डाफरल्या, "मांडवाला चार खांब चालतात, मग आईबाप चार असले तर बिघडलं कुठं?" आणि पेठकडचा एक मास्तर आला होता. आईबाप लहानपणीच गेलेले, सगळं शिक्षण वसतिगृहात. रीत म्हणून एका चुलत्याचं नाव घालत होता, ज्यानं त्याला कधी विचारलंही नव्हतं. आत्यांनी चुलता खोडला आणि वसतिगृहात भाकरी थापणाऱ्या मावशींचं नाव वर घातलं. चुलता भांडायला दुकानात आला. माझ्या दुकानात! कॉलर माझी धरली!

बरं, एवढी दुसऱ्यांच्या घराची उठाठेव करणाऱ्या ह्या बाईंचं स्वतःचं घर कसलं, तेही ऐका. माझी बायको तीन वर्षांची असताना तिची आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आत्यांनी भाचीला उचलून सरळ आपल्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये नेलं. त्या गडबडीत स्वतः लग्न करायचं राहून गेलं. पुढे भाचीचा नवरा तिला तान्ह्या पोरीसकट टाकून सुरतेला निघून गेला, तेव्हा भाची त्याच क्वार्टरमध्ये परत आली. म्हणजे एक आत्या, एक भाची आणि एक पोर, असं ते घर. चार वर्षांनी मी लग्नाचं विचारायला गेलो, तर आत्यांनी आधी माझी जीभ बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "रागीट आहात, पण रक्त चांगलं आहे." तेव्हापासून मी जावईबापू. आणि तेजू, म्हणजे ती पोर, मला काका म्हणायला लागली, ते कायमचंच.

ह्या तेजूचं लग्न ठरलं निफाडला. द्राक्षबागायतदार माणसं, भाऊकी मोठी. बैठकीत मुलाचे चुलते म्हणाले, "पत्रिकेत पोरीच्या जन्मदात्याचं नाव टाका. आमच्याकडं आडनाव लय बघत्यात. कोनी बोट दाखवायला नको." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टाकू की! त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं म्हणे! ज्या माणसानं बावीस वर्षांत पोरीला एक फोन केला नाही, त्याचं नाव मी माझ्या हातानं, माझ्या दुकानात, ठळक टाइपात जुळवलं. स्वतःला स्वागतोत्सुकांच्या यादीत अकरावा घातला, बायकोच्या मावसभावाच्या खाली. त्या आठवड्यात मी कुणाशीही सरळ बोललो नाही. चहा गार म्हणून ओरडलो, चहा गरम म्हणून ओरडलो. आत्यांनी प्रूफ वाचलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. एरवी एका मामासाठी दुकान डोक्यावर घेणारी बाई! ह्यांना माझ्याबद्दल काहीच म्हणायचं नाही? मला त्या "हं"चा इतका संताप आला की विचारू नका.

मग मी आणि बायको पैठणी बघायला येवल्याला गेलो. दुकानावर आत्या आणि तेजू. परत आलो तर चारशे पत्रिका छापून, गठ्ठे बांधून तयार. निफाडचा गठ्ठा तर रवानाही झालेला. मी एक उघडली. पहिल्याच ओळीत वधूपिता म्हणून माझं नाव! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आनंद झाला की नाही ते सोडा, आधी निफाड आठवलं. निफाडच्या माणसांनी लग्न मोडलं तर? पोरीचं काय? मी भर दुकानात आत्यांवर तुटून पडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "लग्न कशाशी खातात हे तुम्हाला माहीत नाही, आणि माझ्या पोरीच्या लग्नात ढवळाढवळ करता? तुम्ही आहात कोण?"

आत्यांनी पर्स उचलली, स्कूटरला किक मारली, गेल्या. तीन दिवस आल्याच नाहीत. दहाला दार मोकळं, गिऱ्हाइकं आरामात आत येतायत, मजकूर बिनतक्रार छापला जातोय, आणि मी प्रत्येकावर खेकसतोय.

तिसऱ्या दिवशी तेजू जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. म्हणाली, "काका, मजकूर मी टाइप केला होता. आत्याआजीनं नुसता तपासला. गोदापार्कवर मला सायकल शिकवताना गुडघा तुमचा फुटला होता ना? की सुरतेच्या माणसाचा? मला काका म्हणायची सवय लागली, त्याला मी काय करू? पण छापताना खोटं कसं छापू?" मी तिच्यावरही ओरडलो, मला आधी का नाही सांगितलं म्हणून. ओरडता ओरडता रडलो. तोंडात घास तसाच.

आणि तेवढ्यात निफाडहून चुलत्यांचा फोन! मी जीव मुठीत धरून उचलला. "पाव्हनं, ही काय पत्रिका छापली?" मी म्हटलं, मेलो. "आमच्या आबांचं नाव नवरदेवाच्या मामाच्या खाली? आबा सकाळपासून जेवले नाय!" मी चाचरत विचारलं, "आणि... ते वधूपित्याचं?" ते म्हणाले, "ते हाय ना बरोबर. छापलं ते छापलं. पोरगी म्हनती तोच बाप. आबांचं काय करता ते सांगा!" म्हणजे ज्या भाऊकीच्या धाकानं मी महिनाभर झुरलो, तिला माझं काही पडलेलंच नव्हतं. हसावं की डोकं आपटावं?

त्याच संध्याकाळी हळदकुंकू लावलेली पत्रिका आणि मूठभर अक्षता घेऊन मी आत्यांच्या पंचवटीतल्या खोलीवर गेलो. माफी मागायच्या ऐवजी रीतसर पत्रिकाच पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून वाचली. त्यांच्याबरोबर मीही पहिल्यांदाच नीट वाचली. किलबिल वाचली, कार्यवाहक वाचले, माझ्याविना उरलेले दहाही स्वागतोत्सुक वाचले. चारशे पत्रिका, साठ-सत्तर नावं, आणि आत्यांचं नाव कुठेच नाही.

"आत्या," मी म्हणालो, "तुमचं नाव राहिलं."

"राहिलं नाही, मी खोडलं," त्या म्हणाल्या. "पोरीनं घातलं होतं, पहिल्या ओळीत, तुमच्याही वर. मी म्हटलं, नको. निफाडची माणसं तुमच्या नावावरच बिथरणार, त्यात आणखी माझं कशाला? एका पत्रिकेत एकच भांडण पेलतं, जावईबापू."

मला राग आला. त्यांचा आला, निफाडचा आला, आणि त्या माणसाचा आला ज्यानं भर दुकानात विचारलं होतं की तुम्ही आहात कोण. निफाडच्या माणसांना काहीच वाटलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि पाया पडलो. डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बसा, चहा टाकते. आणि त्या आबांचं नाव खाली गेलंय बघा, फोन येईल तुम्हाला."