शंभर खुर्च्या, बसायला एकही नाही

दर वर्षी मी जगभरातली प्रदर्शनं बघते. मोबाइलवर. मिलान, टोकियो, लिस्बन. व्हिसा लागत नाही, पाय दुखत नाहीत. या वर्षी त्यांतलं एक प्रदर्शन फिरत फिरत मरोळला आलं. जगातल्या शंभर खुर्च्या. यादीतल्या शेवटच्या खुर्चीचा फोटो बघून मी बाबांना हाक मारली.

लोखंडी, घडीची खुर्ची. लग्नाच्या हॉलमध्ये, सत्यनारायणाला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हीही तिच्यावर बसला आहात. बाबांनी चष्मा पुसला.

"आमची आहे ही. पाठीचा बाक बघ. भांडुपची."

भांडुपच्या कारखान्यात बाबांनी सव्वीस वर्षं या खुर्च्या वेल्ड केल्या. तिथे आता टॉवर आहे. कारखान्यात एक रीत होती. ज्याने वेल्डिंग केलं त्याने सीटच्या खाली आपली खूण टाकायची. खुर्ची मोडून परत आली की कोणाला शिव्या द्यायच्या ते लगेच कळायचं. बाबांची खूण तीन ठिपके. शेजारच्या टेबलावर परबकाका होते, त्यांची एक आडवी रेघ. परबांची खुर्ची डुगडुगते, हे बाबांचं मत मी जन्मापासून ऐकते आहे. परबकाकांचं मतही ऐकलं आहे. तेच, फक्त नाव बदलून.

या भांडणापायी बाबा प्रत्येक लग्नात खुर्च्या उलट्या करून बघायचे. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या सासऱ्यांना उठवून त्यांची बघितली. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आई सुटली. आता तीन ठिपक्यांची एकच खुर्ची आमच्या माहितीत आहे, मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत. तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असते. बाबांच्या मते जमीन तिरकी आहे.

"कोणाची गेली जगभर, माझी की परब्याची, ते बघायला पाहिजे," बाबा म्हणाले. आणि बघायच्या आधीच त्यांनी बोरिवलीला फोन लावला. "परब्या, माझी खुर्ची परदेशात जाऊन आली रे!"

आता माघार नव्हती.

शनिवारी सकाळी निघालो. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत बस. रस्ता खोदलेला आहे, तासाभराची तयारी ठेवा. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, हे मात्र चहा पिण्याइतक्या वेळात होतं. तिथून रिक्षा. बाबांचे गुडघे पासष्टीचे आहेत. प्रदर्शन एका जुन्या औद्योगिक वसाहतीत, तळमजल्यावर. गेटसमोरच्या गाडीवर गरम वडे मिळतात, तिथेच खाऊन घ्या. आतल्या कॉफीच्या किमतीत आम्हा दोघांचे वडे, चहा आणि परतीची मेट्रो झाली असती.

आत अंधार होता आणि प्रत्येक खुर्चीवर एक दिवा. फिनलंडची वाकवलेल्या लाकडाची. जपानची, जिला पायच नाहीत. मेक्सिकोची, नायलॉनच्या दोऱ्यांची, बघूनच पाठीवर वळ उठतील अशी. घानाच्या एका सरदाराचं लाकडी आसन, त्याच्यासमोर बाबांनी नकळत चप्पल काढली. सगळ्या सुंदर. आणि शंभर खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये बघणाऱ्याला टेकायला एक स्टूलही नव्हतं.

"मी सकाळी आठपासून उभी आहे," पहाऱ्यावरच्या बाई म्हणाल्या. जवळच असल्फ्याला राहणाऱ्या, बाबांच्याच वयाकडे झुकलेल्या. "इतक्या खुर्च्यांत मला एक नाही. बोला."

आमची खुर्ची अगदी शेवटी होती. वीतभर उंच चौथऱ्यावर, पांढऱ्या भिंतीसमोर. पाठीवर कोण्या मंडपवाल्याचं अर्धं पुसलेलं नाव. खाली पाटी: 'घडीची खुर्ची. लोखंड. भारत. कारागीर अज्ञात.'

"अज्ञात?" बाबा मोठ्याने म्हणाले. "मी इथे उभा आहे की!"

बाई धावत आल्या. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. कारखाना, खुणा, परब, माझा साखरपुडा. बाईंनी ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि जपानच्या खुर्चीकडे तोंड केलं.

"मी दोन मिनिटं तिकडे बघते. हलवू नका. काय बसायचंय ते बसा."

बाबा बसले. पाठ टेकली. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. खुर्ची हलली नाही. त्यांचा चेहरा मी माझ्या लग्नातही इतका खुललेला पाहिला नव्हता.

"बघ! याला वेल्डिंग म्हणतात. परब्याची असती तर आत्तापर्यंत आपटलो असतो. जा, खाली बघ."

मी फरशीवर उताणी झोपले आणि मोबाइलचा टॉर्च लावला. गंज, रंगाचे पोपडे, कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगम. आणि एक आडवी रेघ. जाड, सरळ, ठसठशीत.

वरून आवाज आला, "तीन ना?"

तीन म्हणणं सोपं होतं. वाकून बघायला त्यांचे गुडघे नाहीत. मी फोटो काढला, उठले आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. बसल्या जागी पुन्हा एकदा डावीकडे झुकून पाहिलं. खुर्चीने मदत केली नाही.

तेवढ्यात मागून एका जोडप्याने विचारलं, "इथे झोपून बघायचं असतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ही माणसं खास आहेत."

निघताना बाबा दारापर्यंत गेले आणि परत आले. "बाई, ते अज्ञात नाही. वसंत परब. बोरिवलीला असतो. तुमच्या साहेबांना सांगा." बाईंनी तळहातावर पेनाने लिहून घेतलं.

परत मुलुंडला जायचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, "बोरिवली." पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशनला उतरलात तर पुलावरून पलीकडे गुंदवलीची मेट्रो मिळते.  मागाठाण्याला उतरेपर्यंत बाबा दर दोन स्टेशनांनी फोटो मागत होते.

परबकाकांनी दार उघडलं. "इलंस? ये. काय म्हणता तुजी फॉरेन रिटर्न खुर्ची?"

"तुझी आहे," बाबा उभ्याउभ्याच म्हणाले आणि मोबाइल पुढे केला.

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी फोटो एका डोळ्याने बघितला, मग दुसऱ्याने. मग काकूंना बोलावून दाखवला. मला वाटलं, आता मालवणीत बाबांची वरात निघणार. पण काकांनी एकच विचारलं.

"बसलंस तिच्यार?"

"बसलो."

"डुगडुगता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंनी दिलेल्या खाज्याकडे पाहिलं.

"नाही," बाबा म्हणाले.

 काका आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे पुसत होते. "औषधाचे थेंब घालूक गेललंय," म्हणाले. थेंबांची बाटली आमच्यासमोर टीव्हीवर होती. मग दोघं कारखान्यातल्या तिसऱ्याच कोणावर तुटून पडले, ज्याची खूण फुली होती आणि ज्याच्या खुर्च्या खरोखरच मोडायच्या.

प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे, नंतर आणखी कुठल्या देशात जाईल. गुडघे दुखत असतील तर आधी कुठेतरी बसून घ्या. शंभरावी खुर्ची चुकवू नका. पाटी बदलली असेल तर मला कळवा.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चहा घेऊन बाल्कनीत गेले, तर बाबा खाली वाकून काहीतरी करत होते, हुं हुं करत. तिकिटाबरोबर मिळालेलं जाड माहितीपत्रक मी मघापासून शोधत होते. ते चार घड्या होऊन खुर्चीच्या पायाखाली गेलं होतं.

"बस आता," बाबा म्हणाले.

बसले. खुर्ची हलली नाही.

"जमीन तिरकीच आहे," ते म्हणाले.