पात्याचा आवाज

आमची गिरणी आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीच्या जरा पुढे. गिरणी म्हटलं की लोक दळणाचा डबा घेऊन येतात, म्हणून आधीच सांगते, ही लाकूड कापायची गिरणी. एकच यंत्र. दोन मोठ्या चाकांवर फिरणारं पट्ट्यासारखं पातं आणि त्याच्याकडे ओंडका ढकलणारी ट्रॉली. पुढून ट्रॉली ढकलतात ते माझे यजमान. मागे कापलेली फळी धरायला एक माणूस होता, तो गावी गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून मागे मी उभी राहते.

शहरातलं लाकूड कापायचं म्हणजे लोखंडाशी गाठ. पुण्यातल्या झाडाला प्रत्येकाने काही ना काही ठोकलेलं असतं. कोणाची गाडी न लावण्याची पाटी, कोणाची शिकवणीची जाहिरात, कोणाचा कपड्यांच्या दोरीचा हूक. पाटी गळून पडते, खिळा मात्र झाड पोटात घेऊन वाढत राहतं आणि शेवटी तो आमच्या वाट्याला येतो. पात्याला खिळा लागला आणि हात वेळेवर थांबला नाही, तर पातं तुटून बाहेर फेकलं जातं. मग पुढे कोण उभं आहे हे ते बघत नाही.

यजमान खिळा कानाने ओळखायचे. पात्याचा सूर जरा चढला की त्यांची ट्रॉली मागे आलेली असायची. "पातं आधी सांगतं," असं म्हणायचे, आणि आमच्या सगळ्या संसारात ते कधी खोटं ठरलं नाही.

मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. त्याला हे कानाचं शास्त्र पटत नव्हतं. त्याने बुधवार पेठेतून धातू शोधायचं यंत्र आणून दिलं. आता ओंडक्यांची विमानतळासारखी झडती घ्यायची का, असं यजमानांनी विचारलं, पण मुलाचं मन राखायला एका शिरीषाच्या ओंडक्यावरून ते यंत्र फिरवलं. ते इतकं कोकललं की बाहेरचा चहावाला डोकावून गेला. यजमानांनी शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ते खाली ठेवलं आणि म्हणाले, "बघा. काही नाही."

मुलगा हसला. त्याला वाटलं, बाबा गंमत करताहेत. मला हसू आलं नाही.

घरी टीव्हीचा आवाज वाढला होता, हाकेला ओ येत नव्हती, हे सगळं मी बघतच होते. पण पुण्यातल्या नवऱ्याने बायकोच्या हाकेला ओ दिली नाही, तर त्याचे कान गेले असं कोणाच्या मनात येतं? मी त्याला स्वभाव समजले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राच्या आवाजाने दोन्ही कान गेलेत, काम थांबवा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. कानात घालायचं मशीन घेतलं. गिरणीत ते सगळंच दुपटीने वाढवून ऐकवायचं. यजमानांनी ते काढून स्क्रूच्या डब्यात ठेवलं.

मग मी हट्टाने गिरणी बंद करायला लावली. तो काळ आठवला की अजून जीव कासावीस होतो. पाहुणे येत, बोलत, हसत, आणि यजमान सगळ्यांकडे बघत बसत. कोणी दोनदा-तीनदा तेच सांगितलं की मान हलवायचे, पण कळलेलं नसायचं. हळूहळू बोलणंच थांबलं. गिरणीत असं नव्हतं. तिथे यंत्र सुरू झालं की कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर. तिथे सगळेच बहिरे. एका सकाळी त्यांनी किल्ली घेतली आणि चपला घातल्या. मी आडवी गेले नाही. त्यांच्या मागोमाग निघाले.

त्यानंतर काही दिवसांनी हिंजवडीकडचा एक शेतकरी कडुनिंबाचा ओंडका घेऊन आला. त्याला देवघरासाठी फळ्या हव्या होत्या. "खिळाबिळा काय न्हाय त्यात," तो म्हणाला. "दारातलंच झाड हाय." तरीही मी ते धातू शोधायचं यंत्र फिरवलं. ते गप्प राहिलं. वरवरचं लोखंड ते सांगतं, खोलातलं त्याला कळत नाही. दारातल्या झाडाला कधीकाळी बैल बांधायची कडी ठोकलेली, हे तोही विसरला होता.

अर्धी फळी कापून झाली आणि पातं किंचाळलं. माझे दात शिवशिवले. यजमान ट्रॉली ढकलतच राहिले. मी ओरडले. वेडीच मी, ओरडून काय होणार होतं? बटण त्यांच्या बाजूच्या भिंतीवर होतं. फळी सोडून मी वळसा घालून धावले आणि ते दाबलं. पातं फिरत फिरत थांबलं.

त्यांनी वळून मला विचारलं, "लाइट गेली का गं?"

मी वर बोट केलं. डोक्यावरचा दिवा चालू होता. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग पात्याच्या उडालेल्या दातांकडे, आणि ओंडक्यावर बसले. मी त्यांच्या भुशाने भरलेल्या शर्टात तोंड खुपसून रडले. बंद करू या, पाया पडते, असं हातवारे करून सांगत राहिले. ते म्हणाले, "आणि घरी बसून काय करू? सगळ्यांची तोंडं हलताना बघू?"

मी पदराने डोळे पुसले आणि पात्याचे उडालेले दात वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी वायरमन बोलावून माझ्या बाजूला आणखी एक बटण बसवून घेतलं. "एका गिरणीला दोन मालक झाले," एवढंच यजमान म्हणाले. नवं पातं त्यांनीच चढवलं.

आता यंत्र सुरू करण्याआधी ते एकदा माझ्याकडे बघतात. पूर्वी कधी बघत नसत. मी एक हात बटणाजवळ ठेवून होकाराची मान हलवते आणि ते ट्रॉली ढकलतात. रोज ठरवते की आज नाही म्हणायचं. ते बघतात, आणि मी मान हलवते.