टाक्यावरचं झाकण

डोमाजीमामा कुणाच्या घरात शिरले की आधी माणसांकडे नाही, जमिनीकडे बघत. रांगतं पोर कशात पडेल, काय अंगावर ओढून घेईल, हे हेरत. मग खिशातला खडू काढून तिथे फुली मारत. चहा त्यानंतर.

नंदनवनच्या बाजूच्या आमच्या वस्तीत त्यांनी वर्षानुवर्षं घरोघर देवी टोचल्या. टोचून झालं की दारावर खडूने खूण करायची, ही नोकरीतली सवय. देवीचा रोग संपला, नोकरी संपली, खडू काही सुटला नाही. "देवी गेली, पटकी कमी झाली," ते म्हणत, "आता पोरं विहिरीत न् स्टोववर मरून राहिले. त्याले टोचणी नाही ना गा." लोक हसत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं माझे वडीलही म्हणत.

आमच्या अंगणात जमिनीलगत पाण्याचं उघडं टाकं होतं. मामांनी त्याच्या काठावर फुली मारली. भरल्या घरात ही मरणाची खूण कशाला, म्हणून आईने ती पुसून टाकली. आठवडाभरात माझा दीड वर्षाचा भाऊ दिलीप त्याच टाक्यात सापडला.

मामा आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आता हे आईला बोल लावणार, म्हणून मला त्यांचा आधीच राग आला होता. ते तिच्यासमोर खाली बसले. "चूक माही आहे वं बाई. दारावर खूण करून कोणाची देवी टळली काय? हातावर टोचा लागते. मी नुसती खूण करून गेलो." आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचं झाकण आणून स्वतः बसवलं. खडू पुन्हा हातात घेतला नाही. जुने पत्रे, फळ्या गोळा करून वस्तीतलं एकेक टाकं झाकलं. लोकांच्या मागे लागून विहिरीला कठडा बांधवला. आई रोज सकाळी आमच्या झाकणावरून हात फिरवून बघायची.

पुढे नळ आले, विहिरी बुजल्या. पोर बुडाल्याचं ऐकू येईना. पण रस्ता रुंद झाला, मौद्याकडे ट्रक धावू लागले, आणि एका वर्षात शाळेतली दोन मुलं चाकाखाली गेली. थकलेले मामा मला म्हणाले, "टाक्याले झाकण लावलं. रस्त्याले काय लावू, सांग गा." मग ते रोज शाळा सुटताना कोपऱ्यावर उभे राहून पोरांना हाताला धरून पलीकडे नेऊ लागले. मरेपर्यंत नेत होते.

त्यांना पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास आई चपला घालत होती. कुठे निघालीस, मी विचारलं.

"शाळा सुटून राहिली," ती म्हणाली.