सासऱ्यांना भांडायला माणूस हवा

माझे सासरे माणसाची पारख एकाच गोष्टीवरून करायचे: तो भांडतो कसा. हातघाईची भांडणं नव्हेत. ती त्यांनी रणगाड्यात बसून, सरकारी पगारावर यथासांग उरकली होती. मी म्हणतोय ती चहाच्या कपावरची भांडणं. नगरला त्यांचा एक कट्टा होता. सैन्यातून निवृत्त झालेली चार-पाच मंडळी तिथे रोज सकाळी जमायची आणि जगातल्या सगळ्या फौजांची, करारांची आणि पुढाऱ्यांची सालटी काढायची. सासरे रिसालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. रशियन रणगाडा चांगला की ब्रिटिश, एवढंच विचारलं. मी बापडा संगणकवाला. मी म्हणालो, ज्याचे सुटे भाग वेळेवर मिळतात तो. त्यांनी आत वळून हाक दिली, "पोहे आणा." लग्न तिथेच ठरलं.

असा माणूस २००३ च्या वसंतात आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आला. सासूबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती. बायकोला सातवा संपत आलेला, पहिलंच बाळंतपण. आई नाही तर निदान बाबा तरी घरात असावेत, एवढीच तिची इच्छा होती. तारीख मे महिन्याच्या अखेरीची होती. पण जेमतेम तीन आठवडे होतात न होतात तोच, एका सकाळी टोस्टला लोणचं लावता लावता त्यांनी जाहीर केलं, की एप्रिल संपता संपता आपलं तिकीट करावं.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गावात भांडायला माणूस नाही."

हे मात्र खरं होतं. आम्ही त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला नेलं होतं. तिथे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेले आईवडील ओळीनं बसले होते. गुडघे, विमा, नातवंडं आणि इथलं दूध किती दिवस टिकतं, या विषयांवर सगळे एकमेकांशी सहमत होते. सासऱ्यांनी इराकच्या युद्धाचा विषय काढून बघितला. एका काकांनी त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. परत येताना गाडीत ते खिन्नपणे म्हणाले, की इतकी एकी त्यांनी आयुष्यात कुठल्या रेजिमेंटमध्येही पाहिली नव्हती.

बायकोनं हे सगळं ऐकलं. रात्रीची भांडी लावताना मला तेवढं म्हणाली, "मी त्यांना थांबा म्हणणार नाही. थांबायचं तर आपणहून थांबू देत. आणि तूही मध्ये पडू नकोस, प्लीज." म्हणजे दोघंही एकाच मातीची. थांबायला बाबांना लेकीनं सांगायला हवं होतं, आणि न सांगता थांबणारे बाबा लेकीला हवे होते.

आता 'मध्ये पडू नकोस' असं सांगितलं की मला स्टेजवरचा पडदा वर जाताना दिसतो. मी ठरवलं, सासऱ्यांना भांडायला माणूस मिळवून द्यायचा.

माणूस आमच्या डाव्या हातालाच राहत होता. त्यांना आम्ही सार्जंट म्हणायचो, कारण ते होतेच सार्जंट. वय सासऱ्यांच्या आसपासचं, मिशी त्यांच्याहून भरदार, आणि तरुणपणी कित्येक वर्षं जर्मनीत अमेरिकन रणगाड्यावर काढलेली. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या देशांची जी लष्करी आघाडी आहे, तिचा त्यांना स्वतःच्या घराण्यासारखा अभिमान. त्या वर्षी तर ते जास्तच हळवे झाले होते. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी युद्धात उतरायला नकार दिल्यामुळे गावात त्यांच्यावर राग होता. जवळच्या एका खाणावळीनं फ्रेंच फ्राइजमधला 'फ्रेंच' मेन्यूवरून खोडून टाकला होता, आणि सार्जंटनी तिथे नाश्ता करणं सोडलं होतं.

मी नेपथ्य लावलं. शनिवारी गॅरेजचं दार उघडलं, तीन घडीच्या खुर्च्या मांडल्या, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चकल्या ठेवल्या. सार्जंटना हाक मारली, की आमच्या गवताला टक्कल पडलंय, जरा बघता का. गवताचं नाव काढलं की तो माणूस धावत यायचा. सासरे आधीच एका खुर्चीत वर्तमानपत्राआड बसले होते. मी ओळख करून दिली: हे आमचे रिसालदार, हे सार्जंट, दोघंही रणगाडेवाले. मग चकल्यांचा डबा उघडून उभा राहिलो.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. सार्जंटना नखशिखांत न्याहाळलं आणि मला मराठीत म्हणाले, "ह्यांना विचारा, आमच्या शेजारच्या देशाला रणगाडे फुकट का वाटले होते?"

पहिल्याच भेटीत, पहिलंच वाक्य. मी गोड हसून सार्जंटना इंग्रजीत सांगितलं, की माझ्या सासऱ्यांना तुमची हिरवळ फार आवडली.

"लॉन हा शब्द मी उच्चारलेला नाही," सासरे म्हणाले.

त्यांना इंग्रजी व्यवस्थित समजायचं. बोलायचे मात्र नाहीत, कारण दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला विचार करायला दुप्पट वेळ मिळतो. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा नाइलाजानं मी खरा प्रश्न विचारला. सार्जंटनी चकली मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि म्हणाले, की रणगाडे वाटताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी स्वतःसाठीच एक मागून घेतला असता, कारण त्यांच्या तुकडीला तेव्हा मोडकेच मिळाले होते.

सासऱ्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पोहे आणा म्हणाले तेव्हा तिथे असंच काहीतरी हललं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ऑफिसातून यायचो तो थेट ड्युटीवर. सासऱ्यांचं म्हणणं असं, की बड्या देशाशी युती म्हणजे सावकाराच्या छत्रीत उभं राहणं. पाऊस सुरू झाला की तो छत्री मिटतो. पासष्टच्या लढाईत नेमकं हेच झालं. अमेरिकेनं दोन्ही बाजूंचे सुटे भाग बंद केले. शेजाऱ्याचे भारी रणगाडे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतात रुतून बसले. त्यातला धरून आणलेला एक नगरच्या संग्रहालयात आहे, आणि त्याच्या तोफेखाली शाळेची पोरं डबे खातात. सार्जंटना यातलं सुट्या भागांचं म्हणणं मान्य होतं. रणगाड्याचं नव्हतं. यंत्र उत्तम होतं, ते म्हणाले, फक्त अंतर मोजायच्या दुर्बिणीला सरावलेला डोळा लागायचा. मग प्रामाणिकपणे सांगितलं, की त्या दुर्बिणीनं त्यांचं स्वतःचं डोकंही रोज दुखायचं.

आघाडीबद्दल ते बोलायला लागले की मलाही भाषांतर करताना रंग चढायचा. ते म्हणायचे, भाषणं राजधानीत होतात, आघाडी चिखलात होते. जर्मनीत ते गेले तेव्हा प्रत्येक देशाची गोळी वेगळी, पाना वेगळा, पेट्रोलच्या नळीचं तोंडसुद्धा वेगळं. कुणाचं काही कुणाला लागेना. मग कित्येक वर्षं खपून त्यांनी ते एकमेकांशी जुळवत आणलं. आज टीव्हीवर जो अमेरिकन रणगाडा दिसतो त्याची तोफ मुळात जर्मनांनी घडवलेली आहे, आणि लोक म्हणतात जर्मनांशी बोलू नका.

सासरे म्हणाले, "नवरा-बायकोचा अबोला आहे हा. कुकर तिच्या माहेरचा, आणि हा म्हणतो मी तिच्या हातचं जेवणार नाही."

हे मी शब्दशः सांगितलं. सार्जंटना इतकं हसू आलं, की वरच्या खिडकीतून बायकोनं काय झालं म्हणून विचारलं.

मला वाटलं, जिंकलो. सासऱ्यांची भूक वाढली. सकाळी उठल्या उठल्या ते वर्तमानपत्रातून संध्याकाळचा दारूगोळा जमवायला लागले. पण रविवारी बघतो तर त्यांची बॅग पलंगावर उघडी. घड्या घातलेले सदरे, वर मफलर. तिकिटाचं काय झालं, त्यांनी विचारलं. म्हणजे भांडायला माणूस मिळूनही त्यांना जायचंच होतं. माझं नाटक हाउसफुल होतं आणि नायक निघाला होता. बायकोनं ती बॅग पाहिली आणि त्यात त्यांची विसरलेली कानटोपी ठेवली.

त्या संध्याकाळी मी खुर्च्या मांडल्या त्या सवयीनं. सार्जंटनी बॅगेबद्दल ऐकलं होतं. मीच सांगितलं होतं. पण त्यांनी एक साधाच प्रश्न विचारला. इतके दिवस तुम्ही दुसऱ्यांच्या रणगाड्यांबद्दल बोललात, तुम्ही स्वतः पासष्टला कशात होतात?

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मग पुटपुटले, की फौजेत तेव्हा ब्रिटिश रणगाडे होते, फ्रेंचही होते. तुमची आघाडी कागदावर, आमची एका शेडमध्ये उभी होती.

"पण तुमचा कुठला?" सार्जंटनी सोडलं नाही.

"अमेरिकन," सासरे म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धातला. जुना."

सार्जंट खुर्चीतून उठलेच. म्हणजे तुम्ही आमच्याच रणगाड्यातून आमच्या रणगाड्यांवर गोळे टाकलेत, आणि रोज संध्याकाळी मला आमच्या मालाची नालस्ती ऐकवताय? त्यांना आनंद मावेना. सासऱ्यांनी ठणकावलं, की रणगाडा अमेरिकन असेल, आतली माणसं नगरची होती. मी दोन्ही वाक्यं इकडून तिकडे पोचवली, जराही साखर न घालता.

हसणं ओसरल्यावर सार्जंट बसले आणि आपलं सांगू लागले. बर्लिनची भिंत उभी राहिली त्या वर्षी ते तिकडे रणगाड्यात बसून होते, आणि इकडे त्यांचा मोठा मुलगा जन्मला. धाकट्याच्या वेळी ब्रिटिशांबरोबर कुठल्याशा सरावात चिखल तुडवत होते. दोन्ही वेळा आघाडी शाबूत राहिली, ते म्हणाले, आणि दोन्ही वेळा बायकोनं एकटीनं निभावलं. मग त्यांनी वरच्या खिडकीकडे हनुवटीनं खूण केली. ही झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

"एकाहत्तरचा डिसेंबर," सासरे मला म्हणाले. "सीमेवर. तार आली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बसायला लागली होती. मला बघून रडली. तेव्हापासून या बाबतीत माझा उपयोग नाही, जावईबापू. बाळंतपणात मी काय करू? हिची आई असती तर गोष्ट वेगळी. मी नुसता दारात उभा राहणार आणि सगळ्यांच्या पायात येणार."

तर हे होतं. भांडायला माणूस नाही ही सगळी बतावणी. मी सावकाश, एकेक शब्द सांभाळत, ते सार्जंटना सांगितलं.

सार्जंट म्हणाले, "रिसालदार, टीव्हीवर चाललंय ते युद्ध तुमचं नाही. ह्या वेळी तुमची सबब काय?"

मी भाषांतरासाठी तोंड उघडलं. सासऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं. पाठ ताठ केली आणि आमच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले.

"नो एक्स्क्यूज, सार्जंट."

चहा तसाच ठेवून ते घरात गेले. मी अर्थातच मागोमाग गेलो. असा अंक कोण सोडतो? बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले, कवायतीला उभे राहतात तसे, आणि म्हणाले, "तुझी आई असती तर तिनं या दिवसांत काय काय केलं असतं, ते सांग. मला येत नाही. पण ऑर्डर दिलीस तर करीन."

बायकोनं पाय खाली घेतले. मग म्हणाली, "डिंकाचे लाडू."

"कृती?"

"ती आईलाच ठाऊक होती, बाबा." आणि तिथे तिचा बांध फुटला. सासऱ्यांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून तिला दिला आणि तिच्या शेजारी, सोफ्याच्या अगदी कडेला, बसले.

दुसऱ्या दिवशी नगरला फोन गेला. कट्ट्यावरच्या तिघांच्या बायकांनी तीन वेगळ्या कृती सांगितल्या आणि तिघींनी उरलेल्या दोघींची चुकीची ठरवली. सासऱ्यांनी तिन्हींची सरासरी काढली. सार्जंटनी गॅरेजमधून लाकडी हातोडी आणून खारका फोडून दिल्या. लाडू तोफेत घालता येतील इतके टणक झाले. बायकोनं ते दुधात भिजवून भिजवून सगळे संपवले. तिकिटाची तारीख मी पुढे ढकलली, आणि पुढे आणखी एकदा ढकलली. गॅरेजमधली बैठक चालूच राहिली. सुट्या भागांच्या मुद्द्यावर सासरे तसूभरही हलले नाहीत.

मुलगी झाली ती भर दुपारी. नर्सनं आजोबांना आत बोलावलं तर ते दारातच थबकले. बायको दमली होती, पण तिनं सांगितलं, "बाबा, या. उजवा हात मानेखाली, डावा खाली. घट्ट नाही. हां, असं." त्यांनी आज्ञा पाळली. बाळानं डोळे किलकिले करून पाहिलं आणि रडलं नाही. ते तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, की तुझ्या आईच्या वेळी मला यायला उशीर झाला होता.

बायको डोळे मिटूनच म्हणाली, "तिला काय कळतंय, बाबा. मला सांगा."

ते खुर्ची ओढून, बाळाला तसंच धरून, तिच्या उशाशी बसले आणि त्या डिसेंबरपासून सांगायला लागले. सार्जंटना कळवायचं राहिलं होतं. मी फोन घेऊन बाहेर आलो.