पाठ झालेलं टेस्ट कार्ड

“डॉक्टर, या मुलाचे डोळे तुम्हीच पास केलेत ना?”

हेडमास्तरांनी माझंच रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मॅट्रिकच्या वर्गातला अंबादास. तीन वर्षांच्या तीन नोंदी, तिन्हींपुढे ‘सिक्स बाय सिक्स’ आणि खाली माझी लफ्फेदार सही. सिक्स बाय सिक्स म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जेवढं वाचता यावं, तेवढं या मुलाला वाचता येतं.

“मीच केलेत. का?”

“सकाळी हा ऑफिसात आला, मॅट्रिकच्या फॉर्मचं विचारायला. मी इथं खुर्चीत बसलेलो. यानं काय करावं? खुंटीवरच्या माझ्या कोटाला नि पगडीला वाकून नमस्कार केला! वर ‘सर, माझा फॉर्म’ म्हणून त्या कोटाशीच बोलायला लागला. डोळे उत्तम आहेत, तर मग ही माझी चेष्टाच झाली की नाही?”

दारातला शिपाई हसू दाबत होता. अंबादास, सतरा वर्षांचा उंच, काटकुळा मुलगा, भिंतीशी मान खाली घालून उभा होता.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढच्या सालांतली. मी एल.सी.पी.एस. ही डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन सोलापुरात दवाखाना टाकला होता आणि या शाळेचा डॉक्टरही होतो. शाळेत जिमखाना फी होती, वाचनालय फी होती. त्यांच्या जोडीला मेडिकल फी आली. सहामाहीला चार आणे, सक्तीची. मुलगा खेळो न खेळो, वाचो न वाचो, आजारी पडो न पडो, पैसे भरायचेच. पालक कुरकुरत. अंबादासचे वडील नरसय्या साखर पेठेत हातमाग चालवत. पहिल्याच वर्षी ते दवाखान्यात येऊन म्हणाले होते, “पोरगं ठणठणीत हाय की साहेब. मग डाक्टरचे पैसे कशाला?”

“ठणठणीत आहे हे कळावं म्हणूनच,” असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

आता त्याच पोराचा फॉर्म अडला होता. मॅट्रिकला कुणाला बसवायचं हे शाळा ठरवायची. चाचणीत नापास झालेल्याचा फॉर्म पुढे जात नसे. अंबादास गणितात नापास होता. गणिताचे मोडक मास्तर म्हणत, तोंडी गणितात याचा हात धरणारा वर्गात कुणी नाही, पण कागदावर सगळा घोळ. तेव्हा तोंडी उत्तरं याला शेजारचा पुरवत असणार. त्यात हा कोटाचा प्रकार. फॉर्म पाठवायला पाच दिवस उरले होते. तो गेला नाही, तर नरसय्या पोराला मागावर बसवणार हे ठरलेलं होतं.

मी टेस्ट कार्ड मागवलं. टेस्ट कार्ड म्हणजे इंग्रजी अक्षरांचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली ओळीगणिक लहान होत जाणारी. समोरच्या भिंतीला टांगलं. अंबादासनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं.

“बघा,” असं मी म्हणणार, एवढ्यात माझं लक्ष त्याच्या नजरेकडे गेलं. तो कार्डाकडे बघतच नव्हता. शेजारी टांगलेल्या कॅलेंडरकडे बघून वाचत होता.

मी उठलो आणि कार्ड उलटं टांगलं. अक्षरं खाली डोकं वर पाय.

“आता वाच.”

त्यानं पुन्हा तेच, त्याच क्रमानं, एकही चूक न करता म्हणून दाखवलं. शिपाई फिस्सकन हसला. मी मात्र कार्ड खाली उतरवलं.

“हे तुला पाठ आहे?”

“व्हय साहेब. सगळ्यांलाच हाय.” त्यानं गोंधळून विचारलं, “ते पाठच म्हनायचं असतंय न्हवं?”

लबाडी नव्हती हो त्यात! तपासणीच्या दिवशी मुलं व्हरांड्यात रांगेनं उभी राहत. आत एकजण वाची, बाहेर चाळीसजण ऐकत. कार्ड तीन वर्षं तेच. पाढे, श्लोक, सनावळ्या, सगळं ऐकून पाठ करणारी आमची पोरं. त्यांनी माझं कार्डही पाठ केलं. पाठ म्हटलं की पास, हा शाळेचाच नियम त्यांनी मला लावला होता.

मग मी खरी तपासणी केली. सात-आठ फुटांवरून त्याला माझी बोटं मोजता येईनात. पुस्तक नाकाशी धरलं की मात्र स्वच्छ वाचता येई. याला मायोपिया म्हणतात. जवळचं दिसतं, लांबचं पुसट. उंच म्हणून त्याला बसवला होता शेवटच्या बाकावर. सगळ्यांनाच असं पुसट दिसतं, अशी त्याची समजूत.

“मग फळ्यावरचं वाचतोस कसं?”

“वाचत न्हाय साहेब. ऐकतो.”

“मोडक मास्तर लिहिताना बोलत नाहीत,” हेडमास्तर म्हणाले.

“ते न्हाय बोलत. खडू बोलतो की.”

हेडमास्तर चिडून म्हणाले, “चला वर्गात. होऊन जाऊ दे.”

शाळा सुटली होती. मोडक मास्तरांना थांबवून घेतलं. अंबादासला मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा केला. मास्तरांनी चेहऱ्यावर अविश्वास ठेवूनच फळ्यावर इंग्रजी अंकांत एक चार आकडी संख्या लिहिली. अंबादासनं मान जराशी तिरपी केली.

“चार. पाच. आठ. एक.”

बरोबर होतं.

“पुन्हा,” हेडमास्तर म्हणाले. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा मास्तरांनी मुद्दाम खडू हलका धरला. तेही बरोबर.

“चारला खडू दोनदा टेकतो,” तो भिंतीकडे बघतच सांगू लागला. “पाचाला मागनं टोपी घालत्यात. आठाला खडू उचलतच न्हाय. सातला वळताना किरकिरतो. शून्य आन सहा तेवढं कळत न्हाय. दोनी येकाच दमात जात्यात.”

डॉक्टरकीत मी कान तपासले होते, कानांच्या नळ्या धुतल्या होत्या, पण माणसाचा कान एवढं करू शकतो हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. हा मुलगा तीन वर्षं बीजगणित ऐकत होता!

मोडक मास्तर कपाटाकडे गेले. सहामाहीचे पेपर तेव्हा छापत नसत. प्रश्न फळ्यावर लिहीत. त्यांनी अंबादासचे जुने पेपर काढले, उभ्या उभ्या चाळले आणि मटकन बाकावर बसले.

“रीत सगळीकडे बरोबर आहे हो,” ते म्हणाले. “जिथं मी प्रश्नात शून्य दिलं तिथं यानं सहा घेतलाय. सहा दिला तिथं शून्य. मी नुसतं उत्तर बघून काट मारत गेलो.”

संध्याकाळी मी नरसय्यांकडे गेलो. मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मागावर बसून, आडवं सूत नेणारा धोटा एका हातातून दुसऱ्या हाताकडे मारत ते म्हणाले, “त्यात काय नवल साहेब? आवाज बदलला की तार तुटली. बघावं कशाला लागतंय?” चष्म्याचं नाव काढताच मात्र माग थांबला. “हर सहामाहीला चार आणे दिले मी. आता वर चष्मा बी मीच घ्यायचा व्हय?”

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हटलं, चष्मा मेडिकल फीच्या शिलकेतून घ्या.

“फी तपासणीची आहे डॉक्टर, चष्म्याची नाही.”

“तपासणी झालेलीच नाही,” मी म्हणालो. रजिस्टर उघडून माझ्या तिन्ही नोंदींवर काट मारली आणि खाली सही केली. ही सही लफ्फेदार आली नाही. हेडमास्तरांनी ते पान वाचलं. मग त्यांनी चष्म्याची चिठ्ठी लिहून दिली.

चौथ्या दिवशी चष्मा आला आणि पाचव्या दिवशी फेरचाचणी. मी मुद्दाम गेलो. चष्मा घालून अंबादासनं आधी फळा बघितला.

“सर, पुसलेलं बी दिसतंय की!” तो ओरडला.

मोडक मास्तर प्रश्न लिहू लागले. आणि अंबादासनं सवयीनं डोळे मिटून घेतले, मान तिरपी केली. मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांच्या हातातला खडू थांबला.

“अंबादास, डोळे उघड बाळ,” ते म्हणाले. वर्गात त्यांना कुणाला ‘बाळ’ म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. नंतर प्रत्येक आकडा ते मोठ्यानं उच्चारत लिहू लागले.

फॉर्म त्याच दुपारी गेला. अंबादास मॅट्रिक झाला, गणितात उत्तम गुणांनी. मी तीन वेगळी कार्डं मागवून सगळी शाळा पुन्हा तपासली. पाठांतराच्या जोरावर पास झालेले आणखी सातजण निघाले. त्यातला एक हेडमास्तरांचा भाचा होता.

पुढे बरीच वर्षं मी त्या शाळेचा डॉक्टर होतो. पालक भांडायला आले की मी फीची बाजू घेई, पण पूर्वीच्या ऐटीत नाही. फी सक्तीची केली की ती वसूल होते. तपासणी खरी व्हायला कुणाला तरी कार्ड उलटं टांगावं लागतं.