लेकीचं जपान आणि आमची आडवाट

जपानला जायचं नक्की झालं आणि आमच्या घरात पहिला वाद झाला तो फुजी पर्वतावरून.

लेक ओसाकाला असते. तिची नोकरी तिथे, जावईही तिथेच. कितीतरी वर्षं ती "या, या" म्हणत होती आणि दरवर्षी आमचं काहीतरी आडवं यायचं. कधी माझी शाळा, कधी ह्यांचा संत्र्याचा बगीचा. मी निवृत्त झाले आणि निम्मी सबब संपली. बगिच्याकडे पाहायला धाकट्या दिरांनी होकार दिला, तशी उरलेलीही संपली. लेकीने लगोलग तिकिटं काढली आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमची सहल आखायला बसली. क्योटोची देवळं, टोकियोचा उंच मनोरा, बुलेट ट्रेन आणि सगळ्यात शेवटी फुजी.

हे समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होते. तिचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "डोंगर पाहाले एवढ्या लांब काहून जाचं? आपलं चिखलदरा काय वाईट हाय?"

"बाबा, अहो तो फुजी आहे!"

"असू दे ना. मले तिथचा संत्रा दाखव. झाड दाखव. बाकी तुमी मायलेकी पाहा काय पाहाचं थे."

लेकीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "संत्री काय बाबा, आमच्या खालच्या दुकानातसुद्धा मिळतात." आणि फोन ठेवला.

आम्ही राहतो अमरावतीत, पण ह्यांचा जीव वरूडजवळच्या त्या बगिच्यात. आठवड्यातले निम्मे दिवस तिकडेच असतात. इकडे घरी असले तरी लक्ष आभाळाकडे. लेकीला त्यांनी शिकायला पुण्याला पाठवलं, पुढे ती परदेशी गेली, तेव्हा एका शब्दाने अडवलं नाही. पण पुण्याहून पहिल्या सुटीत ती घरी आली आणि घरातलं 'मले-तुले' सोडून "मला, तुला" असं बोलायला लागली, तेव्हा ह्यांनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं होतं. त्यानंतर बापलेकीचं बोलणं कमी झालं असं नाही म्हणणार मी, पण ते तब्येत, पाऊस आणि जेवण ह्यांच्यापलीकडे फारसं जाईना.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. नकाशा समोर आला की माझं बोट आपोआप त्यावर फिरतं. लेकीने फोन ठेवला त्या रात्री मला स्वस्थ बसवेना म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाईलवर जपान उघडलं. ओसाकाच्या खाली वाकायामा नावाचा प्रांत सापडला. समुद्राला लागून डोंगर, आणि त्या डोंगरांवर संत्री. लेकीच्या घरापासून रेल्वेने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल इतकं जवळ.

मग मला एक खेळच सापडला. नकाशावरचा तो पिवळा माणूस उचलून रस्त्यावर टाकला की रस्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. आपण बोटाने पुढे पुढे चालायचं. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं पंख्याखाली बसून जपानच्या खेड्यापाड्यांतून हिंडायला लागलो. सुरुवातीला हे नुसते बघत होते, पण दोन दिवसांत माझा हात बाजूला सारून स्वतःच बोट फिरवायला लागले. "थांब, थांब, मागं घे. थे पाह्य, झाडाचा खुंट पाह्य केवढा बारीक हाय!" एकदा त्यांना झाडांखाली सगळीकडे पांढरं कापड अंथरलेलं दिसलं. "इथी लग्न हाय का काय?" मी शोधून सांगितलं, की ऊन खालून परतून फळावर पडावं आणि पावसाचं पाणी मुळाशी जाऊ नये म्हणून ते अंथरतात. आम्ही इकडे पाण्यासाठी बोअर खोल खोल नेतो आणि तिकडे पाणी नको म्हणून कापड अंथरतात! हे बराच वेळ नुसते हसत होते.

एका वळणावर मात्र ते थांबले. चिखलदऱ्याच्या घाटात असतं तसं अरुंद वळण. वर दगडी बांध, बांधावर संत्र्याची झाडं फळांनी लगडलेली. कडेला एक छोटा पांढरा ट्रक आणि शेजारी टोपीवाला माणूस. चेहरा पुसून टाकलेला, नकाशावाले टाकतात तसा. पण उभं राहण्याची ढब अशी, की आपल्या बगिच्यात उभा असलेला मालकच.

"इथी जाऊ," हे म्हणाले.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तिथे काहीच नाहीये. तिथे कुणी जात नाही."

"म्हणूनच तर."

"मी किती मुश्किलीने रजा काढली आहे माहीत आहे तुला? मला तुम्हाला चांगलं चांगलं दाखवायचंय. आणि तुम्हाला काय बघायचंय, तर शेत!" तिचा आवाज चिरकला. तिला खरंच लागलं होतं. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळे माझी पंचाईत. शेवटी एक दिवस मागून घेतला. तोही पाऊस नसला तर, ह्या अटीवर.

ओसाकाला पोचल्यावर लेकीने क्योटो दाखवलं. सुंदर होतं, पण गर्दी इतकी, की मी देवळापेक्षा पुढच्या बाईची पाठच जास्त पाहिली. हे नातेवाईकाच्या लग्नात बसतात तसे शहाण्यासारखे फिरले. आणि मग आमचा दिवस उगवला, लख्ख उन्हाचा. मी पहाटेच तिखट-मिठाच्या पुऱ्या तळल्या. नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीचा एक डबाही ह्यांनी पिशवीत टाकला. बगिच्यातली संत्रीच न्यायची त्यांची इच्छा होती, पण लेकीने विमानतळावर काढून घेतील म्हणून आधीच दम दिला होता.

ओसाकाहून दक्षिणेला जाताना गाडी बदलली की डबे कमी होतात, मग आणखी कमी होतात. उजवीकडे समुद्र येतो आणि जातो. आम्ही उतरलो त्या स्टेशनावर माणूस नावाला नव्हता. तिकीट गाडीच्या ड्रायव्हरकडेच द्यायचं. गाडी गेली आणि इतकं शांत झालं, की पिशवीतल्या डब्याचा आवाज ऐकू आला. लेक चारी बाजूंना बघत म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहते, पण अशा ठिकाणी उतरले नव्हते कधी."

गावातल्या लहानशा बसने वरपर्यंत सोडलं. पुढे चालत. ह्यांना रस्ता पाठ होता. "आता डावीकडं. आता एक पाण्याची टाकी येईन." आणि टाकी यायची! लेक चकित होऊन माझ्याकडे बघायची.

ते वळण आलं आणि हे उभे राहिले.

बांध तोच होता. पण झाडं दिसेनात. वेलींनी सगळं गिळलं होतं, मधूनच बांबू वर आलेले. ट्रक नाही, माणूस नाही. सामान वर-खाली न्यायला एक लोखंडी रूळ डोंगरावर गेलेला, त्याच्यावर गंज. ह्यांनी बांधापाशी जाऊन एका झाडावरचा वेल ओढून काढला. आत फांदीला लिंबाएवढी चार फळं होती.

"सोडून देला कोनीतरी," एवढंच म्हणाले.

लेकीने हळूच विचारलं, "परत जायचं का?" एवढ्या लांब येऊन ह्यांना हे पाहायला मिळावं!

तेवढ्यात वरच्या अंगाने फटफट असा आवाज आला. पाहतो तर जरा पलीकडच्या दुसऱ्या एका रुळावरून, झाडीतून, संत्र्यांनी भरलेले क्रेट एकामागोमाग खाली येत होते. चालवणारं कुणीच नाही. क्रेट आपले आपण डुलत डुलत आमच्या समोरून निघून गेले, ओळखीच्या माणसाने मान हलवून पुढे जावं तसे.

"अरे बाप्पा!" हे म्हणाले, आणि रूळ जिकडून आला होता तिकडे चढायलाच लागले.

वर एक बाई होती. सत्तरीच्या पुढची, कपाळापासून मानेपर्यंत झाकणारी फुलाफुलांची टोपी घातलेली. कंबरेला कात्री लटकवून संत्री तोडत होती. आम्हाला पाहून तिने हातातलं फळ तसंच धरून ठेवलं. लेकीने वाकून नमस्कार केला आणि जपानीत भराभर सांगितलं, हे माझे आईवडील, भारतात ह्यांचाही संत्र्याचा बगीचा आहे वगैरे. बाईचा चेहरा खुलला. तिने जे बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. लेक मात्र गोंधळली.

"आई, मला निम्मंच कळतंय. हे इकडचं गावाकडचं बोलणं आहे."

"म्हणजे इथचं वऱ्हाडी म्हण ना," हे म्हणाले.

पुढचा तास-दीड तास लेकीची गरज कमीच पडली. हे मोबाईलवर आपल्या झाडांचे फोटो दाखवत होते आणि बाई "ओऽऽ" करत होती. आमच्याकडच्या जमिनीचा काळा रंग पाहून तिने हे खरं आहे का म्हणून लेकीला दोनदा विचारलं. ह्यांनी डिंक्या रोग झालेलं खोड दाखवलं, तर बाई आम्हाला ओढत आपल्या एका झाडापाशी घेऊन गेली. तिथेही तसाच डिंक. दोघांनी मिळून त्या झाडाकडे असं पाहिलं, की जणू दोघांच्याही घरात तोच एक नाठाळ जावई आला आहे.

तिने ह्यांच्या हातात कात्री दिली. ह्यांनी सवयीने एका घावात फळ तोडलं. बाईने मान हलवली. आधी देठ लांब ठेवून कापायचा आणि मग फळाशी चिकटून पुन्हा एकदा, म्हणजे क्रेटमध्ये देठ दुसऱ्या फळाला टोचत नाही. ह्यांनी तसं केलं. तिने टाळी वाजवली. मग हे तोडतच सुटले. लेकीच्या हातातही कात्री आली, मला बसायला उलटा क्रेट मिळाला.

मध्येच ह्यांनी लेकीला विचारायला सांगितलं, की तो खालचा बगीचा कुणाचा होता. बाईने सांगितलं. मालक म्हातारा झाला, गुडघ्यांनी चढवेना, मुलं शहरात. शेवटी तोही मुलांकडे राहायला गेला. लेकीने ते मराठीत सांगितलं, पण शेवटच्या वाक्याला तिचा आवाज खाली गेला. तिने बापाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

ह्यांनी एक संत्रं दोनदा कापून क्रेटमध्ये ठेवलं. म्हणाले, "पाणी कधी देते थे विचार तिले."

बर्फीचा डबा उघडला. बाईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि काहीतरी म्हणाली. लेकीला ते समजलं नाही, पण बाईने दुसरा तुकडा उचलला, त्यावरून आम्ही समजलो.

निघायच्या वेळी हे बांधावरून भरभर उतरायला लागले, हातात पिशवी, नजर भलतीकडेच. आणि वरून लेक ओरडली, "बाबा, हळू ना! काहून एवढी घाई करून राहिले? पडसान ना!"

हे थांबले. मागे वळून पाहिलं. लेकीला आपण कसं बोललो हे कळलं आणि ती लाजून हसायला लागली.

"हाव बाप्पा, हाव," हे म्हणाले, आणि उरलेला बांध एकेक पाऊल टाकत, तिचा हात धरून उतरले. खरं म्हणजे हाताची काही गरज नव्हती.

बस केव्हाच निघून गेली होती. बाईच्या ट्रकमध्ये दोघांचीच जागा, म्हणून तिने मला बसवलं आणि बापलेक चालत निघाले. आता मला जपानी येत नाही आणि तिला मराठी. थोडं पुढे गेल्यावर तिने स्टिअरिंगवरून एक हात काढून आपला गुडघा थोपटला आणि तोंड वाकडं केलं. मीही माझा थोपटला. तिने दुसराही दाखवला. मीही दाखवला. आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिने ट्रक कडेला घेतला. समोरच्या कप्प्यातून दुखण्यावर लावायच्या औषधी पट्ट्यांचं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी नको म्हणाले, पण ते तिला कळून घ्यायचं नव्हतं, आणि कळलं नाही.

स्टेशनाशी बराच वेळ वाट पाहिली तेव्हा ती दोघं येताना दिसली. बोलत होती. काय बोलत होती ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, परवा जायचं ठरवलेलं ते पाळण्यांचं मोठं पार्क आपण रद्द करू या का?"

फुजी आम्ही पुढच्या आठवड्यात पाहिला, म्हणजे तो जिथे असतो तिथे आमचं जाणं झालं. ढग होते. लेकीला फार वाईट वाटलं, ह्यांना मुळीच नाही.

त्यानंतरची आडवाट मात्र लेकीनेच शोधली. सकाळी चहा घेताना तिने नकाशा उघडला, डोळे मिटून समुद्राकाठच्या एका रेल्वेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं उतरू." उतरलो. तिथे वाळत घातलेली मासळी, बंद असलेलं न्हाव्याचं दुकान आणि वारा, ह्याखेरीज काही म्हणता काही नव्हतं. आम्ही समुद्राच्या कठड्यावर बसलो. मी डबा काढला. ह्यांनी पुरी हातात घेतली, तोंडाशी नेली आणि वरून एक घार सपकन खाली आली. पुरी गेली. हे रिकामी बोटं तशीच धरून आभाळाकडे बघत राहिले.

"तिखट लागन बे तुले!" ते ओरडले.

लेक हसता हसता कठड्यावरून उतरून खाली रस्त्यावरच बसली. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. हे तिच्याकडे बघून आधी गंभीर राहिले, मग त्यांनाही आवरेना.

"दे अजून एक," ते मला म्हणाले. "पण आता छपराखाली जाऊन खातो."